मावशींची वीस मिनिटं

आमच्या फ्लाइंग स्कूलमध्ये विमानांत इंधन भरायचं काम एका बाईंकडे होतं. त्यांना सगळे मावशी म्हणत. शाळेचे प्रमुख मावशी म्हणत, आम्ही शिकाऊ मुलं म्हणायचो आणि गेटवरचा रखवालदारही म्हणायचा. तो त्यांच्याहून चांगला दहा वर्षांनी मोठा होता, पण त्याला त्याचं काही वाटत नसे.

मावशी आल्या होत्या विमानांच्या काचा पुसायला. नऊ वर्षं त्यांनी तेच केलं. काचा पुसता पुसता जुन्या इंधनवाल्या काकांना शिडीची घोडी आणून देणं, पाइप ओढून देणं, झाकणं हातात धरून उभं राहणं हेही त्या करत. काका निवृत्त झाले तेव्हा जागेवर माणूस मिळेना. मग एके दिवशी मावशींनी ऑफिसात जाऊन सांगितलं, "मला येतं." परीक्षा झाली, कागद झाले आणि काचा पुसणाऱ्या मावशी टँकरच्या मालकीण झाल्या. त्यांचे यजमान शहरबसचे ड्रायव्हर. ते कौतुकानं म्हणायचे, "हिची गाडी उडते, माझी नुसती अडते."

त्यांचं काम बघत बसावं असं होतं. आधी विमानाला वायरचा चिमटा लावायचा, म्हणजे ठिणगी उडायला नको. मग घोडी पंखाला टेकवायची, चढायचं, पंखावरचं झाकण उघडायचं. टाक्या दोन, एकेका पंखात एकेक. भरून झालं की लाकडी पट्टी टाकीत सरळ बुडवायची आणि ओल कुठवर आली ते बघायचं. आमच्या जुन्या विमानांत समोर काटे होते, पण ते काटे म्हणजे घरातल्या रुसलेल्या माणसासारखे, खरं काय ते सांगतील तर शपथ. पट्टी मात्र खोटं बोलत नाही. मग थोडं थांबून, टाकीच्या खालच्या नळीतून एका काचेच्या ग्लासात चार घोट काढायचे आणि ग्लास आभाळाकडे धरायचा. आमचं इंधन फिकट निळं असतं. त्यात पाणी असेल तर ते तळाशी बसतं, बिनरंगाच्या मण्यासारखं. तो मणी इंजिनात गेला की इंजिन बंद.

"हवेत ढकलायला माणसं मिळत नाहीत, बाई," असं त्या मला पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या.

मी तेव्हा वीस वर्षांची होते. उंचीनं कमी, त्यामुळे खाली जाड उशी घेतल्याशिवाय मला समोरचं दिसत नसे. म्हणून माझं नाव पडलं 'उशी'. नावं ठेवण्यात आमचे सर पटाईत होते. सतरा वर्षं उडवत होते, त्यांच्या हाताखालून शंभरेक मुलं शिकून गेली होती. माणूस दिलदार, पण जीभ तिखट. कोणाला कधी काय चिकटवतील याचा नेम नसे, आणि त्यांनी चिकटवलेलं नाव निघत नसे.

मावशींनाही त्यांनी असंच एक नाव चिकटवलं होतं. त्याची हकिगत आधी सांगायला हवी.

एका सकाळी मावशींना ग्लासाच्या तळाशी मणी दिसला. त्यांनी धावत जाऊन सरांचं विमान थांबवलं. तीन मुलं ताटकळत उभी. मग सगळ्या नळ्या उघडल्या, पुन्हा पुन्हा ग्लास भरले. कुठेच काही निघालं नाही. मेकॅनिक म्हणाला, ग्लास धुतलेला असेल, त्याचाच थेंब. दोन तास गेले. सर वैतागले होते, पण हसत म्हणाले, "मावशी, तुमच्याच डोळ्यांत पाणी आलं असेल. प्रेमविवाह ना तुमचा?" सगळे हसले. मीही हसले. त्या दिवसापासून मावशी झाल्या 'पाणीमावशी'. मेकॅनिक टँकरवर टकटक करून विचारायचा, "आज किती हंडे भरले?" कोणी जरा उशिरा आलं की म्हणायचं, "काय करणार, पाणीमावशींनी थांबवलं." वर्षभर हे चाललं. मावशीही हसायच्या. पदर तोंडाला लावून हसायच्या, त्यामुळे खरं हसतायत की काय ते कळायचं नाही. कळून घ्यायची आम्हाला गरजही वाटली नाही.

त्यानंतर वर्षभरानं ती सकाळ आली.

मला सरांबरोबर लांबच्या उड्डाणावर जायचं होतं. दोनशे किलोमीटरच्या आसपास जाऊन परत, मध्ये एका छोट्या गावाच्या धावपट्टीवरून वळसा. सव्वादोन तासांचं काम. विमान होतं आठ नंबरचं. आमच्याकडे तीन नंबर आणि आठ नंबर ही दोन विमानं अगदी जुळी. पांढरा रंग, निळा पट्टा. नंबर तेवढा शेपटीवर. आठ नंबर नेहमी कोपऱ्यातल्या जागेवर उभं असे. आदल्या दिवशी संध्याकाळी मेकॅनिकनं त्याचं चाक बदलायला ते बाहेर ओढलं, आणि काम झाल्यावर दुसऱ्याच जागी लावून दिलं. कोपऱ्यात लावलं तीन नंबर. त्यानं हे कोणाला सांगितलं नाही, आणि त्यात सांगण्यासारखं आहे असं त्याला वाटलंही नाही.

मावशी सकाळी आल्या, कोपऱ्यातलं विमान काठोकाठ भरलं, आणि वहीत लिहिलं: आठ नंबर, दोन्ही टाक्या पूर्ण.

सरांनी टँकरजवळून जाता जाता विचारलं, "मावशी, आठ नंबर?"

"फुल्ल आहे, साहेब."

आता माझी गोष्ट. उड्डाणाआधी विमानाभोवती फेरी मारून एकेक गोष्ट तपासायची आणि कागदावर खूण करायची, हे शिकाऊ पायलटचं काम. पट्टी बुडवणं हे त्यातलंच एक. मी त्या सगळ्या खुणा कँटीनमध्ये चहा पिताना आधीच करून ठेवल्या होत्या. वेळ वाचावा म्हणून. फेरी मारली, पण घोडी दुसऱ्या टोकाला होती, ती ओढत आणायचा कंटाळा आला. मावशींनी भरलंय म्हणजे भरलंय. आत बसल्यावर काटे बघितले, तर दोन्ही अर्ध्याच्या आसपास थरथरत होते. सर म्हणाले, "त्यांच्याकडे काय बघतेस? ते लग्नाच्या जेवणातही अर्ध्यावरच असतात." मी हसले. सात चाळीसला आम्ही उडालो.

टाक्यांत आदल्या दिवशीचं उरलेलं एक तृतीयांश होतं. जेमतेम तास-सव्वा तासाचं.

इकडे नऊच्या उड्डाणासाठी तीन नंबर कोपऱ्यातून बाहेर आणून उभं केलं होतं; सव्वाआठला मावशी ते भरायला गेल्या. घोडी लावली, झाकण उघडलं, आणि टाकी काठापर्यंत भरलेली. पुढचं सगळं त्यांनी मला नंतर सांगितलं, एकदा नाही, तीनदा. आणि तिन्ही वेळा त्यातलं एक मिनिटही इकडचं तिकडे झालं नाही.

आधी त्यांना वाटलं, दुसऱ्या कोणीतरी भरलं असेल. पण दुसरं कोण भरणार? त्या खाली उतरल्या, वही बघितली. मग मेकॅनिकला विचारलं, "काल आठ नंबर कुठे लावलं होतंस?" तो म्हणाला, "चाकाला घेतलं होतं ना, मग तिकडेच ठेवलं, दाराजवळ." तेव्हा आठ वाजून वीस मिनिटं झाली होती. त्या वेळी आम्ही त्या छोट्या गावाच्या धावपट्टीच्या बरोब्बर वर होतो. मी खाली बघून सरांना म्हणालेही, "किती रिकामी आहे, आत्ता उतरावं असं वाटतं."

इकडे मावशींनी वही मिटली. त्या टॉवरकडे निघाल्या. आमचा टॉवर म्हणजे दोन मजली खोली, वर काचा, आत रेडिओ आणि एक रेडिओवाला. त्या पाच पायऱ्या चढल्या. वरून हसण्याचा आवाज आला. दोन-तीन जण बसलेले होते, मेकॅनिकही मागच्या जिन्यानं वर पोचला होता. कोणीतरी काहीतरी विनोद केला असणार. मावशी तिथेच थांबल्या.

"मला वाटलं," त्यांनी मला सांगितलं, "साहेबांनी पट्टी बघितलीच असेल. इतकी वर्षं उडवतात, न बघता कसे जातील? आणि तूही बघतेसच. कमी असतं तर तुम्ही मला हाक मारली असती. म्हणजे मीच काहीतरी चुकतेय. आणि आता वर जाऊन सांगितलं, आणि नसलं तसं काही, तर मग…"

त्या खाली उतरल्या. पुन्हा तीन नंबरकडे गेल्या, दुसरी टाकी उघडून बघितली. तीही भरलेली. मग नळावर जाऊन हात धुतले. साबण लावून, कोपरापर्यंत. हात पुसले. पुन्हा वही बघितली, जणू तिच्यात आता काही वेगळं उमटणार होतं. आणि मग जे काही आत घट्ट आवळून धरलं होतं ते सुटलं, आणि त्या धावत जिना चढल्या. आठ पस्तीस झाले होते. रेडिओवाल्याला त्यांनी एका दमात सांगितलं. हसलं कोणी नाही. आठ छत्तीसला त्याचा आवाज आमच्या कानांत आला, तुटत तुटत: तुमच्या विमानात इंधन भरलेलं नसण्याची शक्यता आहे.

सरांनी काट्यांकडे बघितलं. काटे अर्ध्यावर. मग माझ्याकडे बघितलं.

"पट्टी किती होती?"

मी मांडीवरच्या खुणांच्या कागदाकडे बघितलं. त्यांना कळलं.

"दे माझ्याकडे," ते म्हणाले, आणि विमान वळवलं. ती छोटी धावपट्टी सोळा मिनिटं मागे राहिली होती. त्यांनी इंजिन शक्य तितकं हळू केलं, वेगाचा आणि उंचीचा मेळ घातला, आणि रेडिओवर शांतपणे सगळं कळवलं. जीभ तिखट असलेला तो माणूस त्या दहा मिनिटांत मला एका शब्दानं बोलला नाही. आठ शेचाळीसला इंजिन एकदा खोकलं, पुन्हा खोकलं आणि थांबलं. मला वाटायचं इंजिन बंद पडलं की भयाण शांतता होते. तसं नसतं. वारा केवढ्यांदा वाजतो.

सरांनी रस्त्याकडेचं एक कापून मोकळं झालेलं शेत हेरलं. विमान छान टेकवलं, अगदी शिकवताना टेकवायचे तसं. पण शेत आखूड होतं आणि शेवटाला दगडी बांध होता. माझं मनगट मोडलं. विमानाचं नाक सरांच्या बाजूनं बांधावर चेपलं गेलं आणि त्यांच्या कमरेच्या मणक्याला मार बसला. चार महिने ते हॉस्पिटलात होते. आता दोन काठ्यांवर चालतात. विमान उडवणं संपलं.

चौकशी झाली. बाहेरून दोन अधिकारी आले. सर अंथरुणावरूनच म्हणाले, "विमानात इंधन किती आहे हे बघणं माझं काम. इंधनवालीनं काय सांगितलं आणि मुलीनं कागदावर काय लिहिलं, ते गौण आहे." मी कँटीनमधल्या खुणांचं कबूल केलं, मला सहा महिने उडणं बंद करून जमिनीवर बसवलं. मावशींनीही चुकीचं विमान भरल्याचं सांगितलं. काही लपवलं नाही. फक्त अधिकाऱ्यांनी जेव्हा विचारलं, "लक्षात आल्यावर काय केलंत?" तेव्हा त्या म्हणाल्या, "लगेच वर गेले."

लगेच. तो एक शब्द. लक्षात नेमकं किती वाजता आलं, हे कोणी विचारलं नाही. मेकॅनिकनंही तोंड उघडलं नाही. विमानं हलवून न सांगितल्याबद्दल तो स्वतःच धास्तावलेला होता. मावशींना लेखी ताकीद मिळाली, दोन महिने घरी बसवलं, मग पुन्हा कामावर घेतलं. आता प्रत्येक विमानाच्या पंखावरही नंबर रंगवले होते.

सर घरी आले तेव्हापासून मावशी दर रविवारी त्यांच्याकडे जायला लागल्या. सरांचं घर दुसऱ्या मजल्यावर होतं. वहिनी, म्हणजे सरांच्या पत्नी, लहान मुलांच्या शाळेत शिकवायच्या, त्यांची धावपळ व्हायची. मावशी जाऊन पडदे धुवायच्या, माळा आवरायच्या, सरांच्या व्यायामाच्या वेळी त्यांचा घोटा धरून बसायच्या. वहिनी आम्हाला म्हणायच्या, "सख्खी नणंद करणार नाही इतकं करतात हो." सरही पूर्वीसारखे टोचून बोलत नसत. एकदा म्हणाले, "मावशी, मनाला लावून घेऊ नका. पट्टी माझ्या हातात होती." त्या दिवशी मावशी परतताना बसमधून दोन थांबे आधीच उतरल्या आणि चालत घरी गेल्या. यजमानांनी विचारलं तर म्हणाल्या, गर्दी होती. त्यांच्या यजमानांना शहरातल्या सगळ्या बसची गर्दी पाठ. रविवारी दुपारी त्या मार्गावर चिटपाखरू नसतं हे त्यांना माहीत होतं. बायको जेवेना, वजन उतरलं, तरी ते 'डॉक्टरकडे जाऊ या' यापलीकडे गेले नाहीत.

असं दीड वर्ष गेलं. मग फ्लाइंग स्कूलमध्ये नवे प्रमुख आले. उत्साही माणूस. त्यांनी सुरक्षा-सप्ताह ठरवला, जुन्या फायली काढल्या, आणि त्यांना त्या चौकशीच्या अहवालात एक ओळ सापडली: इंधन कर्मचाऱ्याने चूक लक्षात येताच तत्काळ कळवल्यामुळे वैमानिकास डोंगराळ भागाकडे जाण्यापूर्वी परत फिरता आले. झालं. त्यांनी ठरवलं, सगळ्यांसमोर मावशींना 'तत्परतेबद्दल' प्रशस्तिपत्र द्यायचं. चूक झाली तरी माणसानं ती लपवली नाही, ताबडतोब सांगितली, हाच तर धडा! त्यांचं तत्त्व काही चुकीचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मावशी माझ्याकडे आल्या. मी तोवर नव्या मुलांना वर्गातले विषय शिकवायला लागले होते. स्कूलच्या मागच्या वर्गात फळा पुसत होते. त्यांनी दार लावून घेतलं.

"उशी, माझं नाव काढायला सांग."

"का? चांगलंच आहे की, मावशी."

त्या बाकावर बसल्या. आणि ती वीस मिनिटं त्यांनी मला पहिल्यांदा सांगितली. सव्वाआठ. वीस. पाच पायऱ्या. दुसरी टाकी. नळ. वही. पस्तीस. मी ऐकत होते आणि माझं मनगट दुखायला लागलं होतं, जे एरवी आता दुखत नाही.

सांगून झाल्यावर त्यांनी विचारलं, "किती आधी सांगितलं असतं तर पोचला असता गं?"

ते गणित मी हॉस्पिटलात पडल्या पडल्याच केलेलं होतं. तेव्हा ते नुसतं दैवाचं गणित वाटलं होतं. मला वाटलं, 'माहीत नाही' म्हणावं. पण त्या माझ्याकडे अशा बघत होत्या की खोटं बोलणं म्हणजे त्यांना पुन्हा एकटीला सोडून देणं झालं असतं.

"तीन मिनिटं," मी म्हणाले. "चार म्हटली तर आरामात."

त्यांनी मान हलवली. म्हणाल्या, "म्हणजे नुसते हात धुतले नसते तरी चाललं असतं."

मी त्यांच्याजवळ बसले. मी पट्टी बुडवली असती तर यातलं काहीच झालं नसतं, हे मी त्यांना म्हणाले. त्या म्हणाल्या, "ते तुझं. तू सांगून टाकलंस, तुला त्याची शिक्षाही झाली. माझ्या शिक्षेच्या जागी मला शाबासकी मिळतेय." मग म्हणाल्या, "आधी साहेबांना सांगायला हवं. तू ये बरोबर. मी जिन्यातून परत फिरेन, माझा मला भरवसा नाही."

त्याच संध्याकाळी आम्ही गेलो. सर खिडकीशी खुर्चीत होते, काठ्या भिंतीला टेकवलेल्या. वहिनी वह्या तपासत होत्या. मावशी बसल्याच नाहीत. उभ्या उभ्या सगळं सांगितलं, सरळ, आवाज न हलवता. सर आधी ऐकत होते ते नेहमीच्या सौम्य चेहऱ्यानं, की ही बाई पुन्हा स्वतःला बोल लावायला आलीय, समजूत काढू या. मग मध्येच कुठेतरी तो चेहरा गेला.

"सव्वाआठला?" ते म्हणाले.

"सव्वाआठला शंका आली. वीसला नक्की कळलं."

"आणि मला निरोप छत्तीसला."

"हो."

"का?"

मावशींनी पदर तोंडाकडे नेला आणि खाली सोडला.

"मी विचारतोय, का?"

"वर हसत होते सगळे," मावशी म्हणाल्या. "मला वाटलं, चुकीचं निघालं तर पुन्हा… तुम्ही हसला असता, साहेब."

सर त्यांच्याकडे बघत राहिले. खोलीत वहिनींच्या लाल पेनाचा आवाज येत होता तोही थांबला.

"हसलो असतो," सर म्हणाले. त्यांचा आवाज चढत गेला. "हसलो असतो मी! आणि हसत हसत उतरलो असतो ना खाली! माझ्या दोन पायांवर उतरलो असतो! दीड वर्ष माझे घोटे धरून बसलात, दीड वर्ष! तेव्हा नाही सांगता आलं?"

"नाही आलं."

"निघा तुम्ही."

आम्ही निघालो. वहिनी दारापर्यंत आल्या. त्यांनी नुसती दाराची कडी धरून ठेवली. जिना उतरताना मावशींनी कठडा सोडला नाही. खाली आल्यावर मला म्हणाल्या, "बरं झालं ओरडले. दीड वर्ष गोड बोलत होते ते सोसत नव्हतं."

कार्यक्रमाच्या दिवशी मावशींनी प्रशस्तिपत्र घेतलं नाही. प्रमुखांनी नाव पुकारलं तेव्हा त्या उठून उभ्या राहिल्या आणि जागेवरूनच म्हणाल्या, "यात लिहिलंय ते खरं नाही. मला कळल्यापासून मी पंधरा मिनिटं सांगितलं नाही. शंका आल्यापासून वीस." सभागृहात पन्नासेक माणसं होती. रेडिओवाला मान खाली घालून बसला होता. मेकॅनिक, ज्यानं वर्षभर हंडे मोजले होते, त्यानं उठून सांगितलं की मला आठ वीसला मावशींनी विचारलं होतं आणि मीही चौकशीत बोललो नाही. प्रमुखांच्या हातात ते प्रशस्तिपत्र तसंच राहिलं. शेवटी त्यांनी पुढच्या वक्त्याचं नाव घेतलं. बिचाऱ्यांना दुसरं काय सुचणार.

चौकशीला पुरवणी जोडली गेली. मावशींना इंधनावरून काढलं आणि भांडारात बसवलं, जिथे नट-बोल्ट, टायर आणि तेलाचे डबे असतात. त्यांनी तक्रार केली नाही. शाळेत एक नवा नियम आला: कुणालाही, अगदी काचा पुसणाऱ्यालाही, उडालेल्या विमानाबद्दल शंका आली तर आधी रेडिओवर सांगायचं, खात्री नंतर करायची. टँकरपाशी टॉवरचा थेट फोन बसवला. प्रमुखांची इच्छा होती की मावशींनी दर नव्या तुकडीला आपली हकिगत सांगावी. मावशींनी हात जोडून नकार दिला. "एकदा सांगितली. आता तिची कथा करून सांगू नका मला." म्हणून ती मी सांगते, त्यांना विचारून, आणि माझा कँटीनमधला चहा वगळत नाही.

चार महिने सरांकडून काही आलं नाही. मावशींचे रविवार रिकामे झाले. त्या म्हणायच्या की वेळ खायला उठतो. यजमान त्यांना बसमधून शेवटच्या थांब्यापर्यंत घेऊन जायचे आणि परत आणायचे. ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसून त्या खिडकीबाहेर बघत राहायच्या. यजमानांनाही त्यांनी आता सगळं सांगितलं होतं. ते एवढंच म्हणाले होते, "मला वाटलंच होतं, काहीतरी वेळेचं आहे. तू घड्याळाकडे बघायचं सोडून दिलं होतंस."

मग एका शनिवारी भांडारातला फोन वाजला. मी तिथेच होते, प्लगचं खोकं घ्यायला आलेले. मावशींनी उचलला, आणि ऐकता ऐकता खुर्चीत बसल्या. "हो," म्हणाल्या. "हो, साहेब. येते." मग फोन ठेवला.

"काय म्हणाले?"

"उद्या या म्हणाले. पण काम करायला यायचं नाही. पडदे, माळा, काही नाही. नुसतं येऊन बसायचं."

त्या गेल्या. सोमवारी मी भांडारात डोकावले, तेव्हा त्या नट-बोल्टचे वायसर मोजून डब्यांत भरत होत्या.

"कसं झालं?"

"अवघड," मावशी म्हणाल्या. "हातांना काही नसलं की कुठे ठेवायचे ते कळत नाही. वहिनींनी चहा केला, मी उठायला गेले तर साहेब म्हणाले, बसा." त्यांनी दोन वायसर मोजले. "दोन तास बसले. पहिला तास कोणीच बोललं नाही. मग त्यांनी त्या दिवसाचं सगळं विचारलं. टॉवरवर कोण कोण हसत होतं, काय म्हणत होते, मला काय ऐकू आलं. मी सांगितलं. मग त्यांनीही सांगितलं, इंजिन थांबल्यावर त्यांना काय वाटलं ते. तुला सांगितलंय कधी?"

"नाही."

"मग मी पण नाही सांगत."

"आणि राग?" मी विचारलं.

"आहे म्हणाले. अजून आहे, आणि जाईल की नाही माहीत नाही म्हणाले." मावशींनी डब्याचं झाकण लावलं आणि त्यावर आकडा लिहिला. "मी म्हटलं, असू दे. पुढच्या रविवारी किती वाजता येऊ?"